काळी चारवरून काळी एकवर उतरणारा तंबोरा

पुण्यातल्या एका प्रायोगिक नाट्यगटाच्या नाटकासाठी तंबोऱ्याचा आवाज घडवण्याचं हे काम. नाटकात एक वयस्क गायिका आहे. उमेदीच्या काळात ती काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा मानून, गायची. आता आवाज उतरलाय, हट्ट मात्र तसाच आहे. एका प्रवेशात ती जुन्याच पट्टीत यमन मांडायला बसते. आवाज वर जात नाही, ती पुन्हा सुरुवात करते, पुन्हा अडते, आणि तिच्या नकळत तंबोराच तिच्यासाठी खाली यायला लागतो. प्रवेश संपताना ती काळी एकमध्ये निवांत गात असते. ही भूमिका करणाऱ्या ताई स्वतः तालमीत तयार झालेल्या गायिका आहेत आणि त्या रंगमंचावर प्रत्यक्ष गाणार होत्या. त्यामुळे प्रवेशाची लांबी रोज वेगळी. एखाद्या प्रयोगाला चार मिनिटं, तर एखाद्याला साडेपाच.

दिग्दर्शकाची मागणी एका वाक्याची होती: तंबोरा खाली यावा, पण तो तंबोराच राहावा.

रेकॉर्ड केलेला तंबोरा घेऊन त्याची पट्टी सॉफ्टवेअरने उतरवणं ही सगळ्यांत जवळची वाट. काळी चार ते काळी एक म्हणजे पूर्ण एक पंचम खाली. एवढं अंतर उतरवलं की तारेबरोबर भोपळाही खाली येतो, म्हणजे लाकडाचा जो नाद जागचा हलायला नको तोही जाड होतो. आवाज ताणणाऱ्या (स्ट्रेचिंगच्या) अल्गोरिदमला जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो झणझणता, बोलणारा नाद, कळत नाही, तो तिचे तुकडे करून पसरवतो. फोनमधल्या तानपुरा ॲपमध्ये पट्टी बदलते ती पायरीपायरीने. शिवाय प्रवेशाची लांबी ठरलेली नसल्यामुळे एक तयार फाइल वाजवून चालणार नव्हतं. ध्वनिसंयोजकाच्या हातात एक नॉब हवा होता आणि ताईंच्या श्वासाबरोबर तो फिरवता यायला हवा होता. म्हणून तार सॉफ्टवेअरमध्येच घडवायची ठरली.

साधनं मुद्दाम सगळ्यांना परवडतील अशी घेतली. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि त्यात सर्ज एक्सटी हा सिंथ, म्हणजे आवाज घडवणारं सॉफ्टवेअर. सर्ज मूळचा विकत मिळणारा सिंथ होता. २०१८ मध्ये तो मुक्तस्रोत झाला आणि आज विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर फुकट चालतो. त्यात ‘स्ट्रिंग’ नावाचा ऑसिलेटर (मूळ आवाज तयार करणारा भाग) आहे आणि आपल्याला हवं ते बरंचसं त्यातच मिळतं.

आधी एक तार

सुरुवात केली ती सिंथ न उघडता. घरी मिरजेचा तंबोरा आहे. त्याच्या तारा चार: एक पंचमाची, दोन साच्या, म्हणजे जोडीच्या, आणि एक खालच्या साची, म्हणजे खर्ज. एकेक तार वेगळी रेकॉर्ड केली, माइक घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती) वीतभर अंतरावर ठेवून. प्रत्येक तार दोनदा घेतली: एकदा तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेला दोरा काढून आणि एकदा दोरा नेमक्या जागी सरकवून. ओळखीच्या वाद्याचा आवाज घडवायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. ज्या गुणासाठी ते वाद्य ओळखलं जातं तो गुण काढून टाकलेलं रेकॉर्डिंग आणि तो गुण असलेलं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ठेवा. काय घडवायचं आहे ते त्या दोनमधल्या फरकात असतं. नुसता चांगला तंबोरा ऐकून ‘गोड आहे, भरलेला आहे’ एवढंच हाती लागतं, आणि त्यावरून एकही नॉब फिरवता येत नाही.

दोऱ्याशिवायची तार सॉफ्टवेअरमध्ये करणं सोपं आहे. केविन कार्प्लस आणि अॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत आजही तशीच चालते. आवाजाचा एक छोटासा फटका घ्यायचा, तो अगदी कमी वेळाच्या डिलेमधून (आवाज थोडा उशिरा परत देणारं साधन) फिरवायचा आणि दर फेरीत त्यातलं वरचं टोक थोडं बोथट करायचं. डिलेची एक फेरी म्हणजे तारेचं एक कंपन. काळी चारचा सा २०७.६५ हर्ट्झ, म्हणजे एक फेरी ४.८१६ मिलिसेकंदांची. खर्ज त्याच्या निम्मा, १०३.८३ हर्ट्झ, म्हणून फेरी ९.६३१ मिलिसेकंदांची.

साध्या डिले प्लगइनने हे करून पाहायचं असेल तर दोन ठिकाणी अडखळायला होतं. पहिलं म्हणजे वेळेची बारकाई. डिले ०.१ मिलिसेकंदाच्या टप्प्यांनीच बदलत असेल तर ४.८ वर थांबावं लागतं आणि सा जवळजवळ ६ सेंटनी (पेटीच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा लागतो. तंबोऱ्यात ६ सेंट खपत नाहीत. दुसरं म्हणजे फीडबॅक, दर फेरीत किती आवाज परत आत जातो ते. ९९ टक्के हा आकडा भरपूर वाटतो, पण २०७ हर्ट्झच्या तारेला तो सव्वातीन-साडेतीन सेकंदांत गप्प करतो, कारण सेकंदाला दोनशेहून जास्त फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत एक टक्का गळतो. आठ सेकंद आस, म्हणजे छेडल्यानंतर मागे राहणारी गुंज, हवी असेल तर ९९.६ च्या आसपास जावं लागतं. आकडा पूर्ण टक्क्यांतच घेणारा डिले इथे उपयोगाचा नाही. आणि १०० च्या इतक्या जवळ काम करताना शेवटी लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारं साधन, लावलेला असलाच पाहिजे. कान आणि स्पीकर दोन्हींसाठी.

सर्जच्या स्ट्रिंग ऑसिलेटरमध्ये हे हिशेब आतच होतात. आपण ठरवायचं ते छेडणं कसं हवं ते. तंबोरा नखाने वाजत नाही. मधलं बोट पंचमाला आणि तर्जनी उरलेल्या तिघींना, तीही मांसल बाजूने, तारेवरून सरकत. म्हणून फटक्याची धार आधी काढली: नॉइजचा छोटा झोत, त्यावर लो-पास (वरचं टोक कापणारा फिल्टर), आणि सुरुवातीला १०-१५ मिलिसेकंदांची चढण. एवढ्यानेच गिटारचा वास गेला.

चारही तारांना चार वेगळे ट्रॅक दिले आणि प्रत्येक ट्रॅक मोनो, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजवणारा, ठेवला. एकाच ट्रॅकवर पॉलिफोनिक वाजवलं की जोडीची तार दुसऱ्यांदा छेडताना पहिली आस तशीच वाजत राहते, आणि एका तारेच्या दोन आसा एकमेकींवर चढतात. खऱ्या तारेला बोट लागतं तेव्हा आधीची आस क्षणभर दबते. मोनो केल्यावर ते दबणं आपोआप आलं.

जवारी

इथे सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

दोन्ही रेकॉर्डिंगचे स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातले उंच-सखल सूर वेळेनुसार दाखवणारी चित्रं, एकाखाली एक लावले. दोऱ्याशिवायच्या तारेत आडव्या समांतर रेषा दिसतात. प्रत्येक रेष म्हणजे एक हार्मोनिक, मूळ स्वराच्या पटीतला उपस्वर. सगळ्या रेषा छेडल्याक्षणी सर्वांत ठळक असतात, मग वरच्या आधी विझतात, खालच्या नंतर. दोरा लावलेल्या तारेत चित्र निराळं आहे. छेडल्यावर वरच्या रेषांमध्ये एक उजळ पट्टा दिसतो आणि तो वळण घेत हळूहळू खाली उतरतो. आधी भराभर, मग रेंगाळत. पट्टा ज्या रेषेवरून जातो ती रेष तेवढ्यापुरती उजळते. म्हणजे प्रत्येक उपस्वराची एकामागून एक पाळी येते. कानाला जे तारेचं बोलणं वाटतं ते हे उतरणं आहे.

कारण घोडीत आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसला तरी किंचित फुगीर असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर दर फेरीत घासते, टेकते, सुटते. त्या स्पर्शात खालच्या कंपनातली शक्ती वरच्या उपस्वरांत जाते. सी. व्ही. रमण यांनी १९२१ मध्ये, कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये काम करत असताना, यातली एक विलक्षण गोष्ट नोंदवली. तार ज्या जागी छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू येतो, तो हार्मोनिक नियमाप्रमाणे उमटायलाच नको. तंबोरा आणि वीणेत मात्र तोही खणखणीत ऐकू येतो.

रमण यांच्या या निरीक्षणाचा मला फार थेट उपयोग झाला. तंबोरा छेडला जातो तो तारेच्या मध्याच्या आसपास. मध्यावर छेडलेल्या तारेत सम हार्मोनिक, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, जवळजवळ नसतात. म्हणून छेडल्याचा पहिला क्षण किंचित पोकळ असतो, आणि मग जवारी ती पोकळी भरून काढते. सॉफ्टवेअरमध्ये हे करायला नॉइजच्या झोताची एक प्रत अर्ध्या फेरीने, म्हणजे जोडीच्या तारेसाठी २.४ मिलिसेकंदांनी, मागे सरकवून उलट्या ध्रुवतेने मिसळली. सम हार्मोनिक कापले गेले. साधा सबट्रॅक्टिव्ह सिंथ वापरणाऱ्याला हेच दुसऱ्या पद्धतीने जमेल: सुरुवात चौकोनी लहरीने करायची, कारण तिच्यात फक्त विषम हार्मोनिक असतात, आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, जिच्यात सगळे असतात अशा करवती लहरीकडे सरकायचं.

आता उतरणारा पट्टा. जवारी म्हटलं की बहुतेकांचा हात सॅच्युरेशनकडे, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा फाटवण्याकडे, जातो. सॅच्युरेशनने झणझणाट मिळतो, पण तो सबंध आसभर एकसारखा राहतो आणि दोन मिनिटांत डोकं उठतं. फिल्टरवर एलएफओ (ठरावीक गतीने नॉब हळूहळू वर-खाली हलवणारं साधन) लावला की फ्लँजरसारखी लाट येते, आणि तिचा छेडण्याशी काही संबंध नसतो. चाललं ते हे: तारेच्या आवाजाची एक समांतर वाट काढली, तिच्यावर बँड-पास फिल्टर (फक्त एक पट्टा जाऊ देणारा) लावला आणि प्रत्येक छेडीबरोबर त्याची वारंवारता वरून खाली उतरवली. जोडीच्या तारांसाठी विसाव्या हार्मोनिकपासून सहाव्यापर्यंत, म्हणजे साधारण ४१५० हर्ट्झपासून १२५० पर्यंत, अडीच-तीन सेकंदांत. खर्जासाठी अडीच हजारांपासून आठशेपर्यंत, चार सेकंदांत. उतार सरळ रेषेत ठेवला नाही, सुरुवातीला तीव्र आणि नंतर मंद ठेवला. क्यू, म्हणजे पट्ट्याचा अरुंदपणा, ४ च्या जवळ. त्याहून जास्त केला की एकेक हार्मोनिक शिट्टीसारखा सुटा वाजतो, कमी केला की नुसता आवाज मंद होत गेल्यासारखा वाटतो. एका वेळी दोन-तीन शेजारी हार्मोनिक पट्ट्यात असावेत, म्हणजे एक मावळताना दुसरा उगवतो.

एक सुधारणा नंतर सुचली आणि तिने फार फरक पडला. फिल्टर ठरावीक वेळाच्या एन्व्हेलपने (आधीच आखलेल्या उताराने) उतरवण्याऐवजी एन्व्हेलप फॉलोअरला, म्हणजे तारेचा जोर मोजत राहणाऱ्या साधनाला, बांधला. तार जोरात असेल तर पट्टा वर, तार विझत गेली की पट्टा खाली. खऱ्या घोडीवरही असंच होतं, कारण तारेचा झोका लहान होत जातो तसं तिचं घासणं बदलतं. त्यामुळे हलक्या छेडीत जवारी खालूनच सुरू होते, जोराच्या छेडीत वरून, आणि कोणतीही दोन आवर्तनं सारखी येत नाहीत. वाजवण्यातला जिवंतपणा आणायला लोक रँडम मॉड्युलेशन लावतात. त्याऐवजी एका गोष्टीचं कारण दुसरीला जोडणं मला कितीतरी पटीने खरं वाटतं.

नॉबना नावं दिली ती ‘जवारी’, ‘दोरा’, ‘खुंटी’ अशी. जवारी म्हणजे समांतर वाटेचं प्रमाण, दोरा म्हणजे पट्टा कुठून सुरू होतो ती जागा. हे सोयीचं ठरलं, कारण तालमीला बसलेल्या कुणालाही फिल्टर कटऑफ म्हणून काही सांगता येत नव्हतं, पण ‘जवारी जरा बंद कर’, ‘अजून खुली हवी’ हे सगळ्यांना बोलता येत होतं. मिरजेतले कारागीर कानशीने घोडी घासून जवारी काढतात ते याच शब्दांत बोलतात. मिरजेच्या सितार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या मानाचा मोठा वाटा या घासण्याचा आणि ऐकण्याचा आहे असं मी मानतो.

भोपळ्याचं काम त्या मानाने लवकर उरकलं. तारा कापडाने दाबून धरून तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, बोटाच्या पेराने टकटक केली, ती रेकॉर्ड केली, त्यातला सुमारे ३०० मिलिसेकंदांचा तुकडा कन्व्हॉल्युशन रिव्हर्बमध्ये (एका रेकॉर्डिंगचा घुमारा दुसऱ्या आवाजाला देणारं साधन) टाकला आणि चारही तारा त्यातून थोड्या थोड्या सोडल्या. पट्टी उतरली तरी हा तुकडा बदलत नाही, म्हणून भोपळा जागचा हलत नाही.

गंधार कुठाय?

चार तारा एकत्र लावताना कीबोर्डवरच्या स्वरांवर विसंबून चालत नाही. पंचम हा साच्या पाऊणपट, म्हणजे १५५.७४ हर्ट्झ. कीबोर्डचा पंचम त्याहून २ सेंट उतरलेला असतो. जोडीच्या दोन तारा मात्र अगदी तंतोतंत एक केल्या की त्या एकच तार होऊन बसतात. त्यांच्यात २ सेंटचं अंतर ठेवलं. २०७ हर्ट्झला ते पाव हर्ट्झही नाही, म्हणजे मूळ स्वरात चार सेकंदांतून एक हलकी लाट. पण दहाव्या हार्मोनिकला तीच लाट दहापट वेगाने येते, आणि जवारीच्या पट्ट्यात जे झिळमिळणं ऐकू येतं त्यातलं बरंचसं इथून आलेलं आहे.

पहिल्या तालमीत ताई बसल्या, ‘आ’कार लावला, थांबल्या. पुन्हा लावला. मग म्हणाल्या, “अरे, सा छान आहे, पण गंधार कुठाय? मला टेकायला जागाच मिळत नाहीये.”

तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. तो खर्जाच्या पाचव्या हार्मोनिकमधून आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आपल्या खर्जाचा पाचवा हार्मोनिक ५१९ हर्ट्झ. याच पट्टीतला पेटीचा गंधार ५२३, म्हणजे जवळजवळ १४ सेंट चढा. यमनात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर. गायिका त्या ५१९ ची वाट पाहत होती आणि तो सापडत नव्हता.

शोध घेतला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. संवादांच्या माइकसाठी कन्सोलवर (आवाज मिसळण्याच्या टेबलावर) जो ग्रुप लावलेला होता त्यात ५०० हर्ट्झला खोल खड्डा होता, म्हणजे तिथला आवाज बराच कमी केलेला होता, आणि तंबोराही त्याच ग्रुपमधून जात होता. बोलण्यातला घुमा काढायला ते योग्यच, पण गंधार नेमका त्या खड्ड्यात पडत होता. तंबोऱ्याला वेगळी वाट दिली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खर्जाचा पट्टा आठशेवर थांबत होता, म्हणजे आठव्या हार्मोनिकवर. सा, पंचम, सा असे सगळे उजळत होते आणि ५१९ चा गंधार येण्याआधीच उतरण संपत होती. शेवटचं टोक ५१९ वर आणलं आणि उताराचा शेवट इतका मंद केला की पट्टा अखेरचा सेकंदभर तिथेच रेंगाळतो. खर्ज छेडला की आस विझता विझता गंधार वर येतो, आणि लगेच पंचमाची छेड पडते.

ताई पुन्हा बसल्या. या वेळी काही म्हणाल्या नाहीत, गायलाच लागल्या.

माझ्या मते या सगळ्या कामातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. आधार देणारा आवाज घडवताना तो एकटा कसा वाजतो हे शेवटी तपासावं. आधी त्यावर गाणाऱ्याला बसवावं.

उतरण

दिग्दर्शकाच्या मनात सलग मींड होती: चारही तारा एकत्र हळूहळू खाली. ते करून ऐकवलं. टेपरेकॉर्डरची बॅटरी संपत आल्यासारखं वाटलं आणि ताईंना त्यावर एक स्वरही धरता येईना. सगळंच हलतंय म्हटल्यावर धरायचं कशाला?

मग कागदावर चार तारा मांडल्या. काळी चारमध्ये: पंचम १५५.७४, दोन सा २०७.६५, खर्ज १०३.८३. काळी एकमध्ये काय हवं? खर्ज ६९.२, दोन सा १३८.४, आणि पंचम १०३.८३. पहिल्या तंबोऱ्याचा खर्ज हाच दुसऱ्या तंबोऱ्याचा पंचम आहे. ती तार हलवायची गरजच नाही.

एवढं दिसल्यावर प्रवेशाचा नकाशा आपोआप तयार झाला. नॉबच्या फिरकीचे तीन सारखे हिस्से केले. पहिल्या हिश्श्यात जोडीतली एकच तार सावकाश १३८.४ पर्यंत उतरते. त्याच वेळी पंचमाची तार वाजायची थांबते. तिची जागा आवर्तनात रिकामी राहते, जणू वाजवणाऱ्याचा हात खुंटीकडे गेलाय. आता उरतात तीन स्वर: २०७, १३८ आणि १०३. जुन्या साला धरून ऐकलं तर १३८ हा मध्यम आहे. १३८ लाच सा मानलं तर बाकीचे दोन पंचम आहेत. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे आहेत. नॉबचा मधला हिस्सा मी इथे रिकामा ठेवला. त्यात काहीच बदलत नाही. ताई इथे चाचपडतात, जुना सा शोधतात, सोडतात, आणि त्यांना हवा तेवढा वेळ ध्वनिसंयोजक थांबून राहतो. प्रवेशाची लांबी रोज बदलते ती इथेच.

ताई नव्या सावर ठरल्या की गप्प असलेली पहिली तार परत येते, आता ६९.२ चा खर्ज होऊन. मात्र तंबोऱ्याचा क्रम पंचम, सा, सा, खर्ज असा असतो, आणि भूमिका बदलल्यामुळे चौथ्या क्रमांकाची तार आता पंचम झालेली असते. म्हणून त्या आवर्तनापासून छेडण्याचा क्रम १-२-३-४ ऐवजी ४-२-३-१ केला. याचा एक सुंदर परिणाम झाला. बदलाच्या सांध्यावर चौथी तार लागोपाठ दोनदा छेडली जाते, एकदा जुन्या आवर्तनाचा शेवट म्हणून आणि लगेच नव्याची सुरुवात म्हणून. स्वर तोच. पहिल्यांदा तो खर्ज असतो, दुसऱ्यांदा पंचम. जाणकार प्रेक्षकाला जमीन सरकल्याचं इथे कळतं. रीपरमध्ये हे साध्या दोन पॅटर्ननी केलं आणि पॅटर्न फक्त आवर्तनाच्या सुरुवातीलाच बदलेल असं बांधलं. नॉबच्या शेवटच्या हिश्श्यात जोडीतली राहिलेली तार खाली येते आणि तंबोरा पुन्हा पूर्ण होतो.

एक तांत्रिक अडचण सांगायलाच हवी, कारण ती प्रत्येकाला भेटते. साध्या मिडी नॉबला एकूण १२८ पायऱ्या असतात. त्यांच्या एक-तृतीयांशात ७०२ सेंटची उतरण बसवली तर दर पायरीला जवळजवळ १७ सेंट येतात, आणि वाजत्या तारेवर त्या पायऱ्या कट-कट ऐकू येतात. नॉब आणि पिच यांच्यामध्ये सुमारे ४०० मिलिसेकंदांचं स्मूदिंग ठेवल्यावर पायऱ्या नाहीशा झाल्या आणि खुंटी पिळताना तार जशी किंचित मागे राहून सरकते तसं सरकणं आलं.

जवारीही याच नॉबला जोडली. खऱ्या तारेचा ताण एवढा उतरवला की तो निम्म्याहूनही कमी होतो. ढिली तार घोडीवर नीट बसत नाही आणि आधीची जवारी बिघडते. म्हणून उतरण सुरू होताच जवारी बंद होत जाते, मधल्या हिश्श्यात जवळजवळ बंद असते आणि शेवटची तार जागेवर आली की पुन्हा खुलते. नाटकाच्या दृष्टीने हे फार मोलाचं ठरलं. गायिकेला जिथे आधार मिळत नाही तिथे तंबोराही मुका आहे.

छेडण्याची लय मी पॅडवर बोटांनी वाजवून घेतली आणि क्वांटाइझ केली नाही, म्हणजे सॉफ्टवेअरकडून तालात काटेकोर बसवून घेतली नाही. खर्जानंतरचा ठेहराव दर आवर्तनात थोडा वेगळा पडतो, तो तसाच राहू दिला.

नाट्यगृहात मुख्य स्पीकरमधून तंबोरा सोडला नाही. रंगमंचावर जो तंबोरा उभा होता त्याच्या मागे एक छोटा स्पीकर लपवला, म्हणजे आवाज वाद्यातूनच येतो आणि ताईंनाही मॉनिटरशिवाय ऐकू जातो. एवढा छोटा स्पीकर ६९ हर्ट्झ नीट वाजवत नाही. पण १३८, २०८, २७७ हे त्याच खर्जाचे हार्मोनिक तो व्यवस्थित देतो, आणि त्यावरून कान न वाजलेला खर्ज स्वतः भरून घेतो. सबवूफर मागवायचा विचार होता, तो सोडून दिला.

हाच पॅच दुसऱ्या रागासाठी वापरायचा तर मांडणी नव्याने करावी लागेल, आणि मालकंसाच्या बाबतीत ती सुरुवातीला आणखी सोपी होते. तिथे पंचमाच्या जागी मध्यम लावतात. काळी चारचा मध्यम १३८.४ हर्ट्झ, म्हणजे काळी एकचा सा. पहिली तार न हलता सा होते आणि चौथी न हलता नव्या साचा पंचम राहते. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून शेवटी त्या चौथ्या तारेला मात्र खाली ९२.३ वर, नव्या मध्यमावर, जावं लागेल. जोडीतली एक तार खर्ज व्हायला पुरेशी खाली न्यायची, ती मधल्या रिकाम्या हिश्श्यात गप्प ठेवूनच न्यावी.